दहापैकी चार

दुपारी दोनला फोन वाजला. ठरल्या वेळीच वाजला, पण पडद्यावर नेहमीचा प्रश्न नव्हता. आधी रंगीत कागदाच्या टिकल्या भुरभुरल्या, वाढदिवसाला पोरं उधळतात तशा, आणि त्यांच्यामागून अक्षरं आली : अभिनंदन! आपल्या वेदनांमध्ये समाधानकारक घट दिसत आहे. आजपासून आपली तीव्र वेदनाशामक गोळी बंद करण्यात येत आहे. कमलाकांत सरांनी चष्मा वर करून वाचलं, खाली करून वाचलं. गोळीची वेळ झालीच होती. सकाळी आठला घेतलेल्या गोळीचा अंमल बारालाच ओसरला होता आणि त्यानंतरचे दोन तास त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याला धरून काढले होते, विहिरीत पडलेला माणूस दोराला धरतो तसे. उशीवर ठेवलेल्या उजव्या पायात, शिवणीच्या आत, कोणीतरी पाट्यावर वाटण वाटत बसलं होतं. आणि फोन म्हणत होता, अभिनंदन. सरांच्या अंगावर काटा आला तो दुखण्यानं नव्हे. यंत्रानं त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवला होता. त्यांच्या आकड्यावर विसंबून गोळी अडण्याची ही पहिली वेळ नव्हती.

नऊ दिवसांपूर्वी अकोल्याच्या एका दवाखान्यात त्यांचा गुडघा बदलला. चौथ्या दिवशी घरी सोडताना प्रणाली नावाच्या तिथल्या नर्सनं त्यांच्या मनगटावर काळा पट्टा बांधला, फोनमध्ये अॅप घालून दिलं आणि म्हणाली, "आता अमरावतीहून हेलपाटे मारायचं काम नाही, सर. पट्ट्यावरून तुमची नाडी आमाले इथं दिसते. तुमी फक्त दिवसातून तीनदा सांगायचं, किती दुखून राहिलं ते. शून्य म्हंजे काहीच नाही, दहा म्हंजे सहनच होत नाही. तुमच्या आकड्यावर डॉक्टर गोळी कमी-जास्त करतीन." सर हसले होते. आकडे देण्याचंच काम असेल तर ते त्यांनी छत्तीस वर्षं केलं होतं. आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. मार्कांच्या बाबतीत कमलाकांत सरांइतका हात आखडता घेणारा मास्तर अख्ख्या अमरावतीत नव्हता. गणिताच्या वर्गात ते पहिल्याच दिवशी सांगत, दहापैकी दहा देवाचे, नऊ पुस्तक लिहिणाऱ्याचे, आठ माझे, उरलेले तुम्ही आपसात वाटून घ्या. उत्तर बरोबर, पण एक पायरी गाळली, अर्धा कापला. सेंटीमीटर लिहायचं राहिलं, अर्धा कापला. सरांकडून सहा मिळाले की पोरं घरी पेढे नेत. पुढे दहावीच्या पेपरांचे ते मॉडरेटर झाले, म्हणजे इतरांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासणारे, तेव्हा सढळ हाताचे परीक्षक त्यांचं नाव ऐकून स्वतःच दोन-दोन मार्क उडवून गठ्ठे पाठवू लागले. लोक चिक्कू म्हणत. सर त्याला शिस्त म्हणत.

म्हणून घरी आल्याच्या पहिल्या संध्याकाळी फोननं विचारलं तेव्हा सरांनी रीतसर विचार केला. दुखत होतं, हे तर झालंच. पण वॉकर धरून संडासापर्यंत जाता आलं होतं, वजा दोन. अर्धी पोळी खाल्ली होती, वजा एक. ओरडलो नाही, वजा एक. शिवाय पेपर लिहिणाराही आपण आणि तपासणाराही आपण म्हटल्यावर हात थोडा आणखी आवळायला हवा, नाहीतर लोक काय म्हणतील. त्यांनी चार दाबलं. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तरी चार. पाचव्या दिवशी, आज, पहाटेपासून दात एकमेकांवर आपटत होते, पांघरूण नको वाटत होतं आणि काढलं की हवंसं वाटत होतं, तरी सकाळी आठला बोट आपोआप चारावर गेलं. वैशाखातलं अमरावतीचं ऊन, खिडकीतला कूलर गरमच वारा फेकत होता, तेव्हा अंग तापलं तर नवल काय, असं सरांनी स्वतःला समजावलं. पट्टीचा फोटो मागितला तेव्हा फोटोही पाठवला. वरून पट्टी पांढरीशुभ्र होती. पट्टीखालचं कोणाला दिसणार?

टिकल्या विरल्या आणि लगेच ईशानचा फोन आला. बंगळुरात बसलेल्या मुलाच्या फोनवरही बापाच्या दुखण्याची रेघ उमटत होती. "बाबा, बघितलंत? सगळं हिरवं आहे! मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. पाच दिवसांत गोळी सुटली म्हणजे कमाल आहे तुमची. मी उगाच रजेचा विचार करत होतो."

"रजा नको काढूस," सर म्हणाले. ओठ कोरडे पडले होते.

"खरंच बरं आहे ना?"

"चार आहे."

"तुमचं चार म्हणजे बाबा, आमचं दोन!" ईशान हसला. उलटं आहे रे, असं सरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. माझं चार म्हणजे बाकीच्यांचं आठ, नऊ, काय वाटेल ते. पण ते बोलले नाहीत, कारण ते एकदा बोललं की मुलगा हुशार आहे, तो पुढचा प्रश्न विचारील. तो विचारील, मग तुमचं सहा म्हणजे किती, बाबा? त्यांनी "जेवलास का" विचारलं आणि फोन ठेवला.

फोन ठेवला तर पडद्यावर दुपारचा प्रश्न आला होता आणि त्याबरोबर नेहमीची सहा तोंडं. आकड्यांच्या खाली काढलेली, शून्यापाशी हसरं, दोनापाशी जरा कमी हसरं, असं करत करत दहापाशी रडणारं, गालांवर थेंब ओघळलेलं. सरांना ती तोंडं नवीन नव्हती. नऊ वर्षांपूर्वी हीच तोंडं एका कागदावर होती, झेरॉक्स काढून काढून काळवंडलेली. तेव्हा पलंगावर त्यांची बायको चारुशीला होती, याच खोलीत, याच भिंतीकडे डोकं करून. स्तनात सुरू झालेला कॅन्सर पाठीच्या मणक्यांत उतरला होता. बरं करण्यासारखं काही उरलं नाही, आता दुखू द्यायचं नाही एवढंच आपल्या हातात आहे, असं अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते. तिला तिथवर नेणं शक्य नव्हतं. रिक्षाच्या एका धक्क्यानं ती पांढरी पडायची. मग डॉक्टरांनी तो तक्ता दिला. रोज तीनदा त्यांना विचारा, दहापैकी किती, आणि इथं लिहा. दर शनिवारी तक्ता घेऊन या, मी त्यावरून मॉर्फिन ठरवीन. सर दर शनिवारी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून अकोल्याला जात, कापडी पिशवीत फाईल, फाईलमध्ये तक्ता. तेव्हा पट्टे नव्हते, अॅप नव्हतं. चारुशीलेच्या दुखण्याची बातमी अकोल्यापर्यंत पोचवणारं यंत्र म्हणजे कमलाकांत सर होते.

ती म्हणायची, दहा. पहिल्या दिवशीच म्हणाली. सरांनी पेन उघडून धरलं होतं. त्यांना आठवतं, ते म्हणाले होते, "दहा? अगं, दहा म्हणजे काय कळतं का तुला? मग उद्या वाढलं तर काय सांगशील?" सरांनी हिशोब केला. सकाळी चहा घेतला होता तिनं. ईशानशी फोनवर दोन मिनिटं बोलली होती, आवाज न कापता. आणि ते मॉर्फिन, त्याचं नावच सरांना नको होतं. शेजारचे वकील म्हणाले होते, माणूस भ्रमिष्ट होतो, सवय लागते, माणूस ओळखत नाही. त्यांना चारुशीला त्यांना ओळखणारी हवी होती. त्यांनी सहा लिहिलं. सरांचे सहा म्हणजे उत्तमच की, पेढे वाटण्याजोगे! दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, दहा. त्यांनी सहा लिहिलं. दहा. सहा. शेवटी शेवटी ती नुसते दोन्ही हात उघडून दाखवायची, दहा बोटं, आणि सर लिहून झालं की तक्ता बंद करायचे. डॉक्टर शनिवारी चष्म्यावरून बघत विचारायचे, "सहाच्या वर जात नाही ना? बरं. मग आहे तेवढाच डोस राहू द्या." सात आठवडे. एकशे सत्तेचाळीस चौकोन. एकाही चौकोनात खाडाखोड नव्हती.

ती वाढवून सांगणाऱ्यातली असती तर गोष्ट वेगळी. सर आता उशीचा कोपरा दातांत धरून तेच मनाशी घोळवत होते. ती तशी असती तर किती बरं झालं असतं. पण लग्नानंतरच्या पहिल्याच कार्तिकात ती त्यांना माहेरी कौंडण्यपूरच्या जत्रेला घेऊन गेली होती. वर्धेच्या काठानं अनवाणी चालताना तिच्या टाचेत बाभळीचा काटा बोटभर आत गेला. सरांनीच तो काढला, सुपारी कातरायच्या अडकित्त्यानं, आणि गणितमास्तर नवखा होता म्हणून थट्टेत विचारलं होतं, दहापैकी किती दुखतंय? तिनं खरंच विचार केला होता, मान तिरकी करून, आणि म्हणाली होती, "दोन. म्हणजे अडीच म्हणा, पण अर्धा तुमच्या घाबरण्याचा." रक्तानं वाळू भिजली होती आणि ती हसत होती. ईशानच्या वेळी बावीस तास अडली होती, तेव्हा बाहेर येऊन सुईण म्हणाली, बाई आवाजही करत नाही. अशा बाईनं दहा म्हटलं होतं. सरांना हे माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. चारुशीलेचं काटेकोरपण त्यांच्याहून वरचं होतं, तिचा पेपर तपासायची त्यांची लायकीच नव्हती, आणि तरी त्यांनी तो तपासला, एकशे सत्तेचाळीस वेळा, आणि प्रत्येक वेळी चार मार्क कापले.

म्हणून गुडघ्याला चार. आता सरांना ते लख्ख दिसलं. शिस्त वगैरे काही नव्हतं. एका फालतू गुडघ्याला सहा दिले असते, तर चारुशीलेच्या सहाची किंमत या गुडघ्याएवढी ठरली असती. गुडघ्याला आठ दिले, तर तिच्या मणक्यांना काय द्यायचं? तिचे सहा सहाच राहावेत, थोडेसे, सोसण्याजोगे राहावेत, म्हणून त्यांना स्वतःचं दुखणं त्याच्या खाली दाबून ठेवावं लागत होतं. तिचा निकाल वाचवायला ते स्वतः नापास होत होते. पाय ठणकत होता, ठणक्याबरोबर मांडीपर्यंत सणक चढत होती, आणि ते मोजत होते : हे जर चार असेल तर सहा किती असतं? हे चार नव्हतं. हे चार नव्हतंच.

पुन्हा फोन. या वेळी अकोला. "सर, मी प्रणाली बोलून राहिली. तुमची नाडी सकाळपासून एकशे अठरा दाखवून राहिली, आन् तुमी तं चारच टाकलं सकाळी. दुपारचा आकडा तं अजून आलाच नाही. ताप गिप आहे का?"

"ऊन आहे इकडे."

"ऊन तं अकोल्यात बी आहे, सर," ती म्हणाली. "आमच्या उनापुढं तुमचं ऊन काय! पण नाडी काहून वाढन?"

"पट्टा बिघडला असेल."

सरांना वाटलं, ही म्हणेल, खोटं बोलू नका. कोणीतरी एकदा म्हणायला हवं होतं. पण ती म्हणाली, "असू शकते. बाकीचे लोक दोन दुखलं का नऊ दाबतेत, तुमचे आकडे इतके बरोबर येतेत, सर, डॉक्टर बी मनतेत का हा पेशंट भरवशाचा. मी उद्या दुसरा पट्टा पाठवते. दुपारचा आकडा तेवढा टाकून द्या." आणि तिनं फोन ठेवला. भरवशाचा. चारुशीलेच्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं होतं, शेवटल्या शनिवारी, तक्ता हातात घेऊन : इतकी व्यवस्थित नोंद मी कोणाच्या घरून पाहिली नाही, मास्तर. सर बडनेऱ्याला उतरले तेव्हा त्यांची मान ताठ होती. घरी आले तेव्हा जमुनाबाई पायरीवर बसलेली होती आणि आत सगळं शांत होतं.

जमुनाबाई आत्ताही स्वयंपाकघरात होती. मूळची वलगावची माळीण. डोक्यावर वांगी-मेथीची पाटी घेऊन दारावर यायची, चारुशीलेनं तिला आधी गिऱ्हाईक म्हणून आणि मग माणूस म्हणून बांधून घेतली. शेवटच्या आठवड्यांत चारुशीलेचं सगळं अंग पुसणं तिनंच केलं. आता ती लिंबाच्या पाण्याचा पेला घेऊन आली आणि सरांकडे बघून दारातच म्हणाली, "हे काय हो सर? तोंड पाहा कसं झालं. दुखून राहिलं नं?"

"थोडं."

"थोडं! उशी चावून फाडली तुमी." तिनं पेला ठेवला, त्यांच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "आंग तं भाजून राहिलं. त्या मशिनीले सांगितलं का?"

"सांगितलं."

"किती सांगितलं?"

सर गप्प राहिले. जमुनाबाईला आकडे फारसे येत नव्हते, पण गप्प बसणं वाचता येत होतं. "ज्याचं जयते त्यालेच कयते, सर. तुमी सांगसान तवाच तं त्याइले समजन. त्यात काय लाजाचं?" ती पदरानं वारा घालू लागली, कूलरचा वारा पुरत नसल्यासारखी, आणि वारा घालता घालता सहज बोलून गेली, "बाई बी अशाच चादर चावत. लय कण्हत होत्या. मले पाहवे नाही. पण मंग तुमी तो कागद घेऊन बसत, आन् लिवत. मी मनात मने, चला, सर लिवून राहिले. लिवलं म्हंजे आता इलाज होते. मी बाईले बी तेच सांगो. बाई, सरानं लिवलं हाय बरं, आता कमी होईन. तं त्या माह्याकडे अशा पाहत."

"कशा?"

"अशाच. पाहत, आन् मंग भिंतीकडे तोंड करत." जमुनाबाईनं वारा थांबवला. "पाणी प्या."

सर पाणी प्यायले नाहीत. म्हणजे चारुशीलेला माहीत होतं. तक्ता तिच्या उशाशीच तर असायचा. वाचायला तिला चष्मा लागत नव्हता. तिनं दहा सांगितलं आणि सहा लिहिलेलं वाचलं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा दहा सांगितलं, आणि या बाईला एकदाही म्हणाली नाही की सर खोटं लिहितात. हात उघडून दहा बोटं दाखवायची तेव्हा ती काय मागत होती? गोळी मागत नव्हती. गोळी मिळणार नाही हे तिला कळलं होतं. नुसतं एकदा बरोबर लिहा, एवढंच मागत असेल. सरांच्या तोंडून आवाज निघाला. तो गुडघ्याचा होता की कशाचा, त्यांना सांगता आलं नसतं.

"मी थंड पाण्याची घडी आणतो," असं म्हणत जमुनाबाई आत गेली. सरांनी पट्टीची एक कड सोडवली. शिवणीच्या टोकाशी कातडी टमाट्यासारखी लाल आणि ताणलेली होती, आणि दोन टाक्यांच्या मधून पिवळं पाणी येत होतं. वासही होता. ऊन नव्हतं ते. पाय आत नासत होता, आणि तिकडं अकोल्यात त्यांच्या नावापुढं हिरवा ठिपका होता. सरांनी फोन उचलला. दुपारचा प्रश्न वाटच पाहत होता : आत्ता आपल्या वेदना किती? बोट सवयीनं चाराकडे गेलं. तिथं थांबलं. ते पुढं सरकवायला सरांना जितका जोर लागला तितका वॉकर उचलायलाही लागला नव्हता. सहाच्या तोंडावरून बोट गेलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी दहा दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आपण दहा निवडले आहे. खात्री आहे का? हो. पडदा लाल झाला. कृपया थांबा, आमचा कर्मचारी आपल्याशी संपर्क साधत आहे. आणि त्या लाल पडद्याच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत लिहिलं होतं : मागील नोंद भरा. सरांनी ते दाबलं. तारखेचं चाक आलं. त्यांनी अंगठ्यानं वर्षाचं चाक मागे फिरवलं, एक वर्ष, दोन, पाच, नऊ. महिना लावला. तारीख पहिल्या शनिवारची लावली, ती त्यांना विचारावी लागत नव्हती. आणि रडणाऱ्या तोंडावर बोट टेकवलं. शस्त्रक्रियेपूर्वीची नोंद करता येत नाही. त्यांनी पुन्हा तारीख लावली, दुसऱ्या दिवसाची. दहा. शस्त्रक्रियेपूर्वीची नोंद करता येत नाही. तिसऱ्या दिवसाची. दहा. घामानं बोट घसरत होतं, चाक भलत्याच वर्षावर जात होतं, ते पुन्हा मागे आणत होते. दहा. दहा. असे सात-आठ चौकोन झाले असतील आणि एकही भरला नव्हता, तेवढ्यात फोन वाजला.

"सर! दहा? चाराचं एकदम दहा?" प्रणालीचा आवाज बदलला होता, मागं कोणाला तरी ती हाका मारत होती. "आमची गाडी बडनेऱ्यातच उभी आहे, अर्ध्या घंट्यात येते, पाय बिलकुल हलवू नका. डॉक्टर विचारून राहिले, खरं सांगा, सर. दहा कधीपासून आहे?"

जमुनाबाई ओली घडी घेऊन दारात आली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि फोन तोंडाजवळ धरला. वर्गात बोलत तसे स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून ते बोलले.

"पहिल्या दिवसापासून दहाच होतं. तिनं रोज दहाच सांगितलं. मी सहा लिहीत गेलो."

"कोनं सांगितलं? सर? हॅलो, सर, तुमच्याजवळ कोन आहे?"

सरांनी फोन मांडीवर ठेवला. घडीतलं पाणी टपटप उंबऱ्यावर गळत होतं. जमुनाबाई त्यांच्याकडे पाहत होती, पाहत राहिली, आणि मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. ती आत आली नाही.